मेट्रोतली ठिपक्यांची रांगोळी

[दृश्य: नागपूरचा वर्धा रोड. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वरून धावणारी मेट्रो.]

खापरीहून सीताबर्डीला निघालेली गाडी. खिडकीशी बसलेली मुलगी मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलतेय. अजनी चौक मागे पडतो आणि मावशीचा चेहरा धूसर होतो.

"मावशी, दिसून नाही राहिली तू!"

"आवाज येऊन राहिला ना? मग बोल."

मावशीचं बरोबर आहे. कॉल तुटलेला नाही. सिग्नल घसरला, म्हणून टॉवरने वेग उतरवला आणि ॲपने चित्राची बारकाई कमी केली.

[दृश्य: सारवलेलं अंगण. १६ ओळी, ओळीत १६ ठिपके.]

सिग्नल खणखणीत असतो तेव्हा रेडिओ लहरीची ताकद आणि फेज, म्हणजे तिच्या चढउताराचा टप्पा, बदलून अशा २५६ जागा आखतात. दर वेळी त्यातला एकच ठिपका पाठवायचा. त्यात ८ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक, मावतात. याचं नाव २५६-क्वॅम. इंजिनिअरच्या पडद्यावर ते खरोखर रांगोळीसारखंच दिसतं.

[दृश्य: वारा. रांगोळी विस्कटते.]

धातूचा डबा, इमारतींवर आपटून उशिरा पोचलेल्या लहरी, गोंगाट. शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळू लागतात. मग ६४ ठिपके, मग १६, शेवटी ४. चार कोपऱ्यांतले चार ठिपके बरेच पसरले तरी ओळखू येतात. बिट मात्र प्रत्येकी दोनच.

शिवाय चुका दुरुस्त करायला जादा बिट जोडतात. ठिपके किती आणि जादा बिट किती, याच्या ४जीच्या मूळ तक्त्यात १५ पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर दर १०२४ बिटांत मजकूर ९४८ बिटांचा. सर्वांत खालच्या पायरीवर फक्त ७८! बाकी सगळी राखण. कोणती पायरी झेपेल ते फोन कळवत राहतो, आणि टॉवर दर मिलिसेकंदाला निवड बदलू शकतो.

गंमत म्हणजे, दहातला एखादा बिटांचा गठ्ठा बिघडेल हे धरूनच फोन पायरी सुचवतो. फारच जपून चाललं तर वेग वाया जातो. बिघडलेला गठ्ठाही फोन टाकून देत नाही. पुन्हा आलेल्याशी जुळवून दोन्हींतून मजकूर काढतो.

जादा बिट जोडून चुका दुरुस्त करायची ५जीत डेटासाठी वापरतात ती पद्धत, म्हणजे एलडीपीसी कोड, अमेरिकी अभियंते रॉबर्ट गॅलेजर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. तेव्हाच्या यंत्रांना ती आकडेमोड झेपण्यासारखी नव्हती, आणि ती पद्धत कित्येक वर्षं पडून राहिली.

[दृश्य: सीताबर्डी स्टेशन. दारं उघडतात.]

"हं, आता दिसली!"

"मी तर कवाची दिसून राहिली. जेवून निघाली का तू?"