पूर मारुतीपाशी दिसतो, पाऊस त्र्यंबकला पडतो

आपण गोदाघाटावरच बसलो आहोत, तर इथूनच सुरुवात करते. पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना काय विचारतात? "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, त्यावरून पूर किती ते कळतं. पण मारुतीला पाणी लागलं म्हणून पाऊस रामकुंडावर पडला, असं कुणी म्हणत नाही. तो वर त्र्यंबकच्या डोंगरात कधीच पडून गेलेला असतो. फिट मेंदूत कुठून उठते हे शोधताना आम्हा डॉक्टरांचं घोडं इथेच अडतं.

मेंदूतली वीज माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपली ती हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना गावी, 1924 मध्ये. ती असते 10 ते 100 मायक्रोव्होल्ट. तुमच्या रिमोटमधला सेल याच्या हजारो पट. शिवाय मध्ये कवटी, कातडी आणि आपल्याकडे खोबरेल तेल! ईईजीला, म्हणजे डोक्याला तारा लावून ही वीज टिपायच्या तपासणीला, येताना डोकं धुऊन या, हे आमचे टेक्निशियन रोज सांगून थकले आहेत.

वरून काही दिसायला मेंदूच्या पृष्ठभागाचा काही चौरस सेंटिमीटर भाग एकदम पेटावा लागतो. कानाच्या पातळीला, आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा छोटा भाग आहे. फिट तिथे सुरू झाली तर पेशंटला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, "हे आधी घडलंय" असं वाटतं, आणि आमचा आलेख तेव्हा शांत असतो! लाटा उमटतात तोवर फिट पुढे पसरलेली असते. म्हणूनच ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिटचा आजार नाही, असं धरून चालू नका.

मग मी घरच्यांना विचारते. समजा आई म्हणाली, "आधी चघळल्यासारखं करतो, उजव्या हाताने बटण चाळवत बसतो, डावा हात वाकडा होतो. झटके नंतर." हे ऐकून माझं लक्ष उजव्या टेम्पोरल लोबकडे, म्हणजे उजव्या कानाजवळच्या मेंदूच्या भागाकडे जातं. यंत्र लावायच्या आधीच.

साधारण एक तृतीयांश पेशंटना गोळ्यांनी पुरता आराम पडत नाही. फिटचा उगम शस्त्रक्रियेने काढता येईल का ते बघायला त्यांना काही दिवस व्हिडिओ-ईईजीवर (कॅमेरा आणि ईईजी एकत्र) ठेवतात, एमआरआय करतात. या सगळ्यांची साक्ष जुळली नाही, तर कवटीला बारीक छिद्रं पाडून मिलिमीटरहूनही बारीक तारा आत सोडतात. ही पद्धत पॅरिसमध्ये तालेराख आणि बांको यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस बसवली. आता मारुतीकडे बघायचं नाही, डोंगरातच पर्जन्यमापकं ठेवायची.

पण पर्जन्यमापक जिथे ठेवलं तिथलाच पाऊस सांगतं. शेजारच्या दरीत ढग फुटला आणि तिथे भांडंच नसेल तर? ज्या तारेवर आधी हालचाल दिसली तोच उगम, असं म्हणणारा सर्जन मला तरी घाईचा वाटतो. सुरुवातीला बुटक्या, अतिजलद लाटा आल्या तर जवळ पोहोचलो असं समजायचं. संथ, गोलसर लाटांनी सुरुवात झाली तर शंका घ्यायची, की ही फिट दुसरीकडून चालत आली असावी. शिवाय दोन फिटांच्या मधल्या काळात आलेखावर ज्या टोकदार लाटा दिसतात, त्यांचा परिसर उगमाहून बराच मोठा असतो. तो सगळा कापायचा नसतो.

उगम नीट सापडला तर फरक पडतो. कॅनडात 80 जणांवर झालेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया ठरवलेल्यांपैकी 58 टक्के जण वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटांतून सुटलेले होते. नुसत्या गोळ्यांवरच्यांत 8 टक्के.

मघाशी एका काकांनी विचारलं, फिट आली की कांदा हुंगवायचा का? लासलगाव जवळच आहे, कांद्याला तोटा नाही, पण नको. चप्पलही नको. माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. आणि घरात दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाइल चालू करावा. माझ्याकडे येतात ते बहुतेक व्हिडिओ झटक्यांचे असतात. मला हवे असतात ते पहिले दहा सेकंद, आणि तेव्हा सगळे स्वयंपाकघरात कांदा शोधत असतात.