पोचमपल्लीहून जॉर्जियापर्यंत

ही समोर जी झाडांची रांग दिसतेय ना, ती पेकानची. अक्रोडाच्या कुळातलं झाड. रोप लावलं की नीट उत्पन्न यायला सात-आठ वर्षं तरी जातात. आता मला सांगा, पुढच्या हंगामात धनी आपल्याला शेतावर ठेवणार की हाकलणार हेच ज्याला माहीत नाही, तो असलं झाड लावेल कशाला?

ही जागा अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, आल्बनी शहराजवळ, 'न्यू कम्युनिटीज' या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या संस्थेची. आणि हिची गोष्ट सुरू होते कापसापासून.

1865 च्या जानेवारीत, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं असताना, उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन यांनी ऑर्डर काढली, की गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना किनारपट्टीची जमीन वाटायची, घरटी 40 एकरपर्यंत. वाटायला सुरुवातही झाली. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन परत जुन्या मालकांच्या घशात घातली. मग काय, कालचे गुलाम आज त्याच शेतांवर बटईदार. बी-बियाणं धन्याकडून उधार, हिशोबाची वही धन्याच्या हातात, आणि पीक कुठलं घ्यायचं तेही तोच सांगणार, म्हणजे कापूस, मागून परत कापूस, त्याच्यामागून परत कापूस. मातीचा कस राहणार कुठून?

शेजारच्या अलाबामात, टस्कीगीला, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नावाचे शास्त्रज्ञ हेच जीव तोडून सांगत होते. ते स्वतः गुलामीत जन्मलेले. भुईमूग घ्या, चवळी घ्या, पीक बदलून जमिनीला चांगली बेवड मिळू द्या. 1906 साली तर त्यांनी घोडागाडीवर फिरती शेतीशाळा काढली, शेतकरी येत नाही ना, मग आपणच बांधावर जायचं! सल्ला सोळा आणे खरा होता. पण ऐकणाऱ्याच्या नावावर सातबाराच नाही, तो फेरपालट करणार कुणाच्या परवानगीने?

ज्यांनी पै-पै जोडून जमिनी घेतल्या त्यांच्याही टिकल्या नाहीत. 1920 साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज 50 हजारही नाहीत. कर्ज नाकारलं गेलं, मृत्युपत्र नाही म्हणून वारसांत तुकडे पडले आणि लिलाव झाले, कुठे सरळ दहशत.

1960 च्या दशकात चार्ल्स शेरॉड हे कार्यकर्ते आल्बनी भागात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचं काम करत होते. नाव नोंदवलं की मालक घरातून, शेतातून बाहेर काढायचा. मतदानाचा हक्क कागदावर आला तरी डोक्यावरचं छप्पर धन्याचंच. तेव्हा चार्ल्स, त्यांची बायको शर्ली आणि सोबतच्यांना कळलं, की जमिनीशिवाय हे पुढे सरकत नाही.

आणि इथे आपले विनोबा येतात, हो, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा! 1951 च्या एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर मागितले आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी 100 दिले, ते भूदान. पुढे त्यातून ग्रामदान निघालं, म्हणजे जमीन गावाच्या नावावर, कसणार कुटुंबं, बाहेरच्याला विकायची नाही. खरं सांगायचं तर भूदानात खडकाळ आणि भांडणातली जमीनही खूप आली, बरीच वाटलीच गेली नाही. पण ग्रामदानाची कल्पना समुद्र ओलांडून गेली. शेरॉड मंडळींनी ती अभ्यासली, 1968 मध्ये आठ जण इस्रायलला जाऊन तिथली जमीन भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत बघून आले, आणि 1969 मध्ये 'न्यू कम्युनिटीज' उभी राहिली. सुमारे 5,700 एकर जमीन ट्रस्टच्या मालकीची, कुटुंबांना लांब मुदतीचा पट्टा. कसा, राहा, पण विकू नका.

शेती सुरू झाली, डुकरं पाळली, हायवेलगत स्वतःचा माल विकायला दुकान टाकलं. केंद्राकडून यायचं अनुदान राज्याच्या गव्हर्नरने अडवलं होतं, तरी रेटलं. मग दुष्काळ पडला. सरकारी आपत्कालीन कर्ज आजूबाजूच्या गोऱ्या शेतकऱ्यांना मिळत होतं, यांना वेळेवर मिळालंच नाही. पेरणीचं कर्ज पेरणीनंतर येऊन काय कामाचं, हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको. 1985 मध्ये सगळी जमीन गेली.

सरकारविरुद्ध खटला चालला, वर्षानुवर्षं. 2009 मध्ये भेदभाव झाला हे मान्य होऊन जवळपास 1 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई मिळाली. 2011 मध्ये त्यांनी परत जमीन घेतली, 1,638 एकर, हीच, जी आपण बघतोय. पूर्वी हा गुलाम राबवणारा मळा होता. मालकाचा जुना वाडा अजून आहे, आता तिथे शेतकऱ्यांची ट्रेनिंग होतात.

चार्ल्स शेरॉड 2022 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. जॉर्जियात तेव्हा पेकानची काढणी नुकतीच सुरू होत होती.