ॲसिडची बाटली आणि डक्टवरचा पत्रा

(सांगलीत विश्रामबागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'बाथरूममधली बुरशी: कारणं आणि उपाय'. तो वाचून दोघंतिघं दारातूनच परत फिरले, बघितलं मी. (हशा) मागच्या महिन्यात संतवाङ्मयावर बोलणं होतं तेव्हा खुर्च्या पुरल्या नव्हत्या म्हणे. असू द्या. जे बसलेत त्यांच्या घरचे कोपरे काळे आहेत असं धरून चालतो.

मला पाऊण तास दिलाय. त्यात बेसिनच्या कडेला रबरासारखा पट्टा असतो ना, ते जुनं सिलिकॉन कसं काढायचं आणि नवं कसं भरायचं, हे प्रत्यक्ष दाखवायचं ठरलंय. गन, ट्यूब, कटर सगळं पिशवीत आहे. पण त्याआधी एक तक्रार. ती केल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी ॲसिडची बाटली येते. फरशीवर पांढरा थर चढलेला असतो. बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम. साबणाचा फेस व्हायचा सोडून त्याचं दही होतं आणि ते टाइल्सना चिकटतं. मग आपण ॲसिड ओततो. फसफसतं. फसफसलं की आपल्याला धन्यता वाटते, घाण निघाली! अहो, निघतोय तो कार्बन डायऑक्साइड. थर कॅल्शियम कार्बोनेटचा, तो विरघळला, मान्य. पण दोन टाइल्समधली भर कशाची आहे? सिमेंटची. त्यातही कॅल्शियमच. पाण्याचा थर कुठला आणि गवंड्यानं भरलेला सांधा कुठला, हे ॲसिडला कोण सांगणार? दोन्ही खाऊन टाकतं. आज घरी गेल्यावर न्हाणीच्या फरशीवरून बोट फिरवा. सांधा टाइलच्या खाली गेलेला लागेल, खरखरीत, भोकाभोकांचा. त्या भोकांत साबणाचं पाणी मुरतं, आणि पुढच्या पावसाळ्यात सांधे काळे. मग आपण काय करतो? आणखी ॲसिड आणतो.

मिस्त्री लोकही यात मागे नाहीत. व्हाइट सिमेंट ताकासारखं पातळ करायचं, फडक्यानं फासायचं, आणि दुसऱ्या दिवशी डाग काढायला म्हणून त्यावरच ॲसिड मारायचं. सिमेंट पक्कं व्हायला दिवस लागतात, आणि ते दिवस त्याला ओल हवी असते. पाणी जास्त झालं तर सुकल्यावर आत पोकळ्या राहतात. ग्राउटच्या, म्हणजे सांधे भरायच्या तयार मसाल्याच्या, पाकिटावर पाण्याचं माप छापलेलं असतं. मी पॉलिटेक्निकात मुलांना हे शिकवत आलो. ती मुलं आता बिल्डर झालीत आणि माझ्या घरी भेटायला येतात तेव्हा हा विषय काढत नाहीत. (हशा)

आणखी एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. बुरशीसाठी कोणी तरी सांगतं, ब्लीच मारा. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते ॲसिडबरोबर, किंवा कमोड धुवायच्या आम्लाच्या औषधाबरोबर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी सोडला तोच वायू. आपली न्हाणी चार बाय सहाची, दार बंद, आणि आत गुडघे धरून बसलेले आपण. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. सकाळी ॲसिड वापरलं असेल तर त्या दिवशी ब्लीचची बाटली उघडू नका.

तर आता बुरशी. ती सिमेंट खात नाही, सिलिकॉनही खात नाही. तिचं जेवण म्हणजे आपल्या अंगाचा मळ, तेल, साबणाचा चिकटा. ते रोज मिळतं, तेव्हा उपाशी ठेवून मारू म्हणाल तर आंघोळच सोडावी लागेल. तिचे कण हवेत सगळीकडे असतात, ते अडवता येत नाहीत. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ओल. बाई रोज घासते तरी काळं होतं, अशी तक्रार घराघरात ऐकतो. त्या बाईचा दोष नाही हो. घासून झाल्यावर न्हाणी ओलीच राहते.

समोरून चिठ्ठी आलीय: '२०२१ मधली काळी बुरशी ती हीच का?' नाही. करोनानंतर माणसांना झाली ती म्युकर गटातली बुरशी, आणि काळं पडायचं ते रक्त न पोचल्यामुळे मेलेलं मांस. न्हाणीतली वेगळी. मात्र दमा, ॲलर्जी असलेल्याला हिचाही त्रास होतो, तेव्हा त्यांनी स्वतः घासायला बसू नये. आणि बादलीच्या कडेला गुलाबी बुळबुळीत येतं ना, ती बहुतेक वेळा बुरशी नसतेच, जिवाणू असतात.

गावभागातल्या वाड्यांतली न्हाणीघरं इथे बऱ्याच जणांनी वापरलीत. शहाबादी फरशी, तांब्याचा बंब, वर झरोका, मोरी थेट परसात. मोरीच्या तोंडाशी शेवाळ असायचं, हिरवं. त्याला उजेड लागतो. बुरशीला नाही लागत. पण भिंती काळ्या झाल्या त्या बंबाच्या धुरानं. बंब पेटलेला, झरोका उघडा, दुपारपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत. आणि २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना मी काय सांगणार? चिखल धुऊन झाला, भिंती पुसून झाल्या, तरी पोपडे आणि काळे डाग येतच राहिले. दारं-खिडक्या उघडून पंखे चालू ठेवले तेव्हा कुठे घर ताळ्यावर आलं.

आता फ्लॅटमध्ये या. न्हाणीची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, उघडते. आमच्या इमारतीचा डक्ट वरून मोकळा होता. गरम, दमट हवा आपोआप वर जायची. पण डक्टमध्ये कबुतरं. सोसायटीच्या सभेत ठराव आला, वर पत्रा ठोका. मी उभा राहिलो, म्हटलं, पत्रा जरूर टाका, पण फूटभर उंच उचलून, आणि चारी बाजूंनी जाळी लावा. पाऊस अडेल, कबूतर अडेल, हवा जाईल. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'सूचना नोंदवून घेण्यात आली'. (हशा) आणि पत्रा चपखल बसवला. झाकणच! पुढच्या श्रावणापर्यंत सगळ्या मजल्यांवरच्या न्हाण्यांचे कोपरे काळे. एक्झॉस्ट फॅन लावलेत सगळ्यांनी, पण खालच्याचा फॅन हवा डक्टमध्ये ढकलतो आणि ती वरच्याच्या न्हाणीत शिरते. तिसऱ्या मजल्यावर लपून बिडी कोण ओढतं हे आता सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, त्यांच्या मंडळींनाही. (हशा) आणि कबुतरं? पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीतून येतात, आत अंडी घालतात. त्यांना छप्पर मिळालं. विषय पुन्हा सभेत काढला तर म्हणाले, सर, तुम्ही ब्लीच मारा ना.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं. म्हणजे गन पिशवीतच राहणार. भराभर सांगतो, ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी लिहून घ्या.

सांध्यांसाठी आधी साबण आणि ब्रश. चिकटा तसाच ठेवून ब्लीच मारलं तर ते चिकट्यावरच खर्च होतं. त्यानंतर एक भांडं ब्लीचला दहा भांडी पाणी, खिडकी उघडी, हातमोजे घालून, दहा-पंधरा मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. वास सोसत नसेल तर केमिस्टकडचं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. पांढऱ्या थरासाठी ॲसिडऐवजी पातळ व्हिनेगर, तेही फक्त टाइलवर, सांध्यावर नाही, आणि ब्लीचच्या दिवशी नाही. सांधा भुगा होत असेल तर धुण्यात अर्थ नाही. खरवडून काढून नवा भरा. इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचा मसाला, महाग, भरायला कठीण, भराभर घट्ट होतं, पण पाणी पीत नाही. न्हाणीच्या जमिनीपुरतं तरी तेच करा.

सिलिकॉन म्हणजे बेसिनच्या कडेचा, काचेच्या पार्टिशनखालचा तो रबरासारखा पट्टा. वरवर काळा असेल तर टिश्यूच्या वाती ब्लीचमध्ये भिजवून त्यावर रात्रभर ठेवा. सकाळी तरी काळा? मग बुरशी आत किंवा पट्ट्याच्या मागे आहे, कितीही घासा, निघणार नाही. कापून काढा. थोडंसुद्धा जुनं ठेवू नका, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. इथेच निम्मे प्लंबर घाई करतात. मग ब्लीचनं पुसा, धुवा, आणि एक पूर्ण दिवस ती जागा कोरडी राहू द्या. आंघोळ शेजाऱ्यांकडे. (हशा) दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, मध्ये एका दमात भरणी, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवायचं, पट्टी लगेच ओढायची. पुन्हा चोवीस तास पाणी नको. ट्यूब घेताना बाथरूमसाठीचं, बुरशीविरोधी असं लिहिलेलं सॅनिटरी सिलिकॉन मागा. त्यातलं औषध काही वर्षांनी धुऊन जातं, हे दुकानदार सांगत नाही.

आणि रोजचं. शेवटची आंघोळ झाली की वायपर, फक्त जमिनीला नाही, भिंतीलाही. फॅन वीस मिनिटं. दाराखाली बोटभर फट हवी. बाहेरून हवा आत आलीच नाही तर फॅन काय ओढणार? ओले कपडे न्हाणीत टांगू नका. बादली कोपऱ्यात सारून ठेवू नका.

काय? ट्यूब किती दिवस टिकते? मागे तारीख छापलेली असते, ती उलटलेली घेऊ नका, भरल्यावर घट्टच होत नाही. कपाटात पडलेली जुनी असेल तर आधी पुठ्ठ्यावर थोडी पिळून दुसऱ्या दिवशी बघा. बाकीचं चहाच्या वेळी विचारा, पिशवी उघडतो.