ओवशाचं सूप

(दृश्य: कोकणातलं मूळ घर. पडवीत माटवीची तयारी.)

निवेदन :
गणपतीच्या डोक्यावर बांधायची ही लाकडी चौकट म्हणजे माटवी. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. तिला नारळ बांधायचे, सुपारीची शिपटी, तवसं, कवंडळं, हरणाची फुलं. रानात जाऊन हे सगळं आणायचं मुंबईहून आलेल्या पोरांनी, आणि कुठला वेल कुठे सापडेल हे सांगायचं थोरल्या काकांनी. एरवी या दोघांचं फोनवरचं बोलणं 'बरा आहेस ना' याच्या पुढे जात नाही. आज मात्र काका सुंभ कसा ओढायचा ते दाखवताहेत आणि बोलता बोलता आजोबांच्या गोष्टीही निघताहेत.

(दृश्य: गिरणगावातल्या चाळींची जुनी छायाचित्रं.)

कोकणातल्या कित्येक संसारांची दोन टोकं दोन ठिकाणी होती. नवरा मुंबईच्या गिरणीत. एका खोलीत कितीतरी गाववाले, पाळ्या बदलतील तसे झोपणारे, खानावळीत जेवणारे. बायको गावाला. शेती, गुरं, सासू-सासरे, मुलं सगळी तिच्या अंगावर. दोघांच्या मधे मनीऑर्डर. त्या फॉर्मवर निरोपासाठी थोडी जागा असे, तेवढ्यात मावेल तेवढंच बोलणं, आणि तेही बऱ्याचदा पोस्टमन वाचून दाखवणार. अशा जोडप्यांना एकमेकांचा चेहरा दिसायचा तो शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. आधी बोटीने, मग एसटीने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने चाकरमानी येत राहिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण गणपतीला गाव गाठायची ओढ गेली नाही. त्या ओढीत नुसती भक्ती आहे असं मला वाटत नाही. घरचं माणूस भेटण्याची ती हक्काची तारीख होती.

(दृश्य: तेरड्याची गौर घरात येते. नवी सून सुपं मांडते.)

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. मधल्या दिवशी ओवसा, म्हणजे सुनेने गौरीपुढे सूप ओवसून घरातल्यांच्या हातात द्यायचं. नव्या सुनेचा पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौरी आल्या तरच तो भरतात, त्यामुळे लग्नानंतर एखादं वर्ष वाट बघावी लागते, कधी जास्तही. बांबूच्या सुपांत फळं, खोबरं, काकडी, विडा, भाजीची पानं. सून ते सूप गौरीपुढे ओवसते आणि मग एकेकाच्या हातात देते. नवरा, सासू-सासरे, दीर, चुलत सासरे. घेणारा सुपात काही ना काही घालतो, ती वाकून नमस्कार करते.

नवऱ्याच्या हातात सूप देताना सगळं घर बघत असतं. दोघंही लाजतात. लग्नाच्या गर्दीत ती अनोळखी पाहुणी होती, आज तिच्या नावाचं सूप घरातला प्रत्येक जण दोन्ही हातांनी घेतो. चुलत सासऱ्यांचं नाव, धाकट्या जावेचं माहेर, कुणाला गोड चालत नाही, हे सगळं तिला या एका दिवसात कळतं. आणि तिच्या मागे सुपांची उतरंड सांभाळत उभ्या असलेल्या नवऱ्याला आपली बायको या माणसांत किती सहज मिसळली ते दिसतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. चूल, धूर, नारळ खवणाऱ्या बायका.)

इथे थांबायलाच हवं. वाडीभर आरत्या म्हणत फिरणारे पुरुष घरोघरी चहा पितात, आणि तो चहा करणारी बाई आपल्याच घरची आरतीही चुकवते. पाच दिवस चुलीशी उभ्या राहिलेल्या बाईला सणाने जवळ आणलं, असं कुणी म्हणू नये. माटवीशी जे घडतं तेच चुलीशीही घडायला हवं. मोदकाच्या पारीला मुखऱ्या पाडताना नवऱ्याची बोटं अडखळतील, बायको हसेल, शिकवेल. शहरात नोकरी करणाऱ्या जोडप्यांना एका कामाला चार हात लागण्याची वेळ वर्षात कितीदा मिळते?

(दृश्य: विसर्जनानंतरची पडवी. वही, चष्मा, भाऊबंद.)

रात्री खर्चाची वही निघते. पुरोहिताची दक्षिणा, मूर्ती, किराणा, भजनी मंडळाची उसळ. प्रत्येक घराच्या वाट्याला किती, ते ठरतं. जिथे गणपती भावांत पाळीने येतो, तिथे पुढच्या वर्षी तो कुणाकडे हेही ठरतं. काही घरांत आता याच वहीत कामांची यादी करतात आणि भांड्यांपुढे, नारळ खवण्यापुढे मुलग्यांची नावं लिहितात. बायका ती यादी मोठ्याने वाचून घेतात.