स्क्वेअर फुटाचा रेट नंतर, आधी मशीन बघा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते स्प्रे फोम मारायच्या मशीनबद्दल. स्प्रे फोम म्हणजे उष्णता अडवायला पत्र्यावर, भिंतीवर फवारतात तो फुगणारा थर, आपल्याकडे त्याला सगळे पफच म्हणतात. सांगली-तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस, नाशिकची द्राक्षाची, एमआयडीसीतली पत्र्याची शेड्स, सगळीकडे हे काम चालतं आणि आता लोक घराच्या गच्चीवरही मारून घ्यायला लागलेत. कॉन्ट्रॅक्टर आला की पहिला प्रश्न ठरलेला, स्क्वेअर फुटाला काय रेट? दुसरा, किती इंच? पण मशीन कुठलंय, ते कसं ठेवलंय, हे कोणी विचारतच नाही, आणि मला अगदी मनापासून वाटतं की सगळ्यात आधी तेच विचारायला पाहिजे.

का ते सांगतो. थर्माकोलची शीट कारखान्यात बनते, तिथे तपासली जाते आणि मग तुमच्याकडे येते. स्प्रे फोमचं तसं नाही. तुमच्याकडे येतात दोन ड्रम, दोन-दोनशे लिटरचे. एकात आयसोसायनेट, म्हणजे आपली पोरं म्हणतात ते आयसो, रंगाने काळपट तपकिरी, आणि दुसऱ्यात पॉलिऑल, त्यातच फुगवणारा गॅस आणि कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, मिसळलेला असतो. हे दोन्ही एकत्र आले की काही सेकंदात फुगून घट्ट होतात, कोल्ड स्टोरेजला लागणारा क्लोज्ड सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांचा फोम साधारण तीस पट फुगतो. म्हणजे फोम तयार होतो तो तुमच्याच पत्र्याखाली, फवारायच्या गनच्या तोंडाशी. तिथे जे बनेल ते बनेल, नंतर दुरुस्त करता येत नाही, खरवडूनच काढावं लागतं.

आता मशीन. त्याला प्रपोर्शनर म्हणतात, साइटवर बरेच जण रिअॅक्टरही म्हणतात. काम एवढंच, दोन्ही माल सारख्या मापात, सारख्या प्रेशरने आणि गरम करून गनपर्यंत पोचवायचे. ड्रममध्ये उभे घातलेले ट्रान्सफर पंप माल मशीनकडे ढकलतात, मशीनमधले दोन पंप एकाच ड्राइव्हवर चालतात म्हणून दोघांचा स्ट्रोक सारखा, एकास एक. मग हीटर, तिथे माल साधारण ४५ ते ६० डिग्रीपर्यंत तापतो, आणि प्रेशर १००० ते १५०० पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३०-३५ असतं, त्यावरून अंदाज घ्या. म्हणूनच चिरलेला पाइप टेप गुंडाळून वापरणारा माणूस दिसला की मला धडकी भरते.

पाइप म्हणजे हीटेड होज. पंधरा-पंधरा मीटरचे तुकडे जोडत जातात, आयसोचा लाल खुणेचा आणि पॉलिऑलचा निळा, दोन्ही एकत्र गुंडाळलेले आणि आतून विजेवर तापणारे, कारण मशीनमध्ये तापवलेला माल साठ मीटर लांब जाईपर्यंत थंड झाला तर तापवून काय उपयोग. आणि हे सगळं तापवायला वीज लागते भरपूर. गावाकडे व्होल्टेज पडलं की हीटर तेवढी उष्णता देत नाही, माल गार राहतो, आणि गार माल घट्ट असल्याने नीट मिसळत नाही. त्यामुळे स्वतःचा पुरेशा क्षमतेचा जनरेटर घेऊन येणारा कॉन्ट्रॅक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

गन बघायची संधी मिळाली तर जरूर बघा, हातात मावते एवढीशी असते. आत एक छोटी मिक्सिंग चेंबर, तिला दोन बाजूंनी बारीक भोकं. ट्रिगर दाबला की आयसो एकीकडून आणि पॉलिऑल दुसरीकडून, दोन्ही धारा समोरासमोर आदळतात आणि त्या आदळण्यातच मिसळतात, आत ढवळायला काही पंखा वगैरे नाही. ट्रिगर सोडला की एअर पर्जच्या गनमध्ये हवेचा झोत उरलेला माल बाहेर फेकतो, नाहीतर आतच फोम होऊन बसेल. आता समजा एका बाजूचं फिल्टर चोंदलं आणि तिकडचं प्रेशर पडलं. मग जास्त प्रेशरचा माल गनमधूनच उलटा दुसऱ्या बाजूत शिरू शकतो, क्रॉसओव्हर म्हणतात त्याला, आणि तिथे दगड होतो. ते होऊ नये म्हणून गनमध्ये माल उलटा जाऊ न देणारे चेक व्हॉल्व्ह असतात, पण ते साफ असले तरच. म्हणून रोज काम संपलं की गनमध्ये ग्रीस भरायचं, फिल्टरच्या जाळ्या काढून बघायच्या, भोकं त्याच मापाच्या ड्रिल बिटने हाताने साफ करायची. हे करणारा ऑपरेटर मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त गेले तरी द्या.

माप बिघडलंय हे तुम्हालाही कळतं. आयसो जास्त झाला की फोम ठिसूळ होतो, बोटाने दाबला की चुरा पडतो. पॉलिऑल जास्त झालं की मऊ, चिकट राहतो, पुढे आकसतो आणि पत्र्यापासून सुटतो. त्यामुळे सकाळी आधी पुठ्ठ्यावर एक पट्टा मारून दाखवायला सांगा, तो कापून आतली बारीक बुडबुड्यांची जाळी एकसारखी आहे का बघा, मगच काम सुरू.

ड्रम कुठे ठेवलेत तेही बघा. मे महिन्यात उन्हात ठेवले तर फुगवणारा गॅस ड्रममध्येच उडायला लागतो. डिसेंबरात नाशिकच्या पहाटे उलटं, माल इतका घट्ट होतो की पंपाला ओढवत नाही आणि माप चुकतं. आणि पाणी तर आयसोचा वैरीच. दमट हवा ड्रममध्ये गेली की आत खडे धरतात, म्हणून ड्रमच्या तोंडावर हवा कोरडी करणारी डबी लावतात. पाणी गेलेला आयसोचा डबा घट्ट बंद केला तर आत कार्बन डायऑक्साइड साठून तो फुटूही शकतो. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर मारून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, फोम धरणारच नाही. आणि तीन-चार इंच एकाच दमात मारायला सांगू नका, फोम फुगताना आतून तापतो, जाड थर एकदम मारला की आत जळून आग लागल्याच्या घटना झाल्यात. थरावर थर, मधे गार होऊ देत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गन धरणारा पोरगा बऱ्याचदा तोंडाला रुमाल बांधून उभा असतो. मंडळी, रुमालाने काही होत नाही. आयसोची वाफ आणि तुषार छातीत जाऊन दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचं वावडं धरलं की नंतर थोड्याशा वासानेही त्रास होतो, ते काम कायमचं सुटतं. बंद खोलीत मारताना बाहेरची ताजी हवा पाइपने पुरवणारा मास्क पाहिजे, अंगभर सूट, हातमोजे, डोळ्यांना संरक्षण. हे सगळं मशीनचाच भाग समजा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या, त्याचे पैसे द्यायला तयार राहा. आणि फोम मारल्यावर खोलीत लगेच कोणी जायचं नाही, हवा खेळती ठेवायची, साधारण २४ तास तरी, आणि माल बनवणाऱ्या कंपनीने जास्त सांगितले असतील तर तेवढे. कोल्ड स्टोरेजमध्ये माल भरायची कितीही घाई असू दे, हमालांनाही त्याआधी आत पाठवू नका.

नमस्कार.