बोळ बंद करायला आमची हरकत आहे

[दृश्य: बोळाचं तोंड, सकाळची वर्दळ]
हा आमचा बोळ. समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं, एवढाच रुंद. दप्तरं घेतलेली मुलं, काठी टेकत निघालेल्या आजी, सायकल हातात धरलेला माणूस. यांच्यापैकी कुणाचंही दार या बोळात उघडत नाही. त्यांची इथली वहिवाट मात्र रोजची आहे.

[दृश्य: खांबावरची नोटीस, जवळून]
आणि ही नोटीस. दोन्ही तोंडांना फाटक, ये-जा कायमची बंद. कारणं तीन: कचरा, अंधार, रात्रीचे टवाळखोर.

[दृश्य: वस्तीचा जुना नकाशा]
नकाशात बघा, घरांच्या मागून गेलेली ही बारीक रेघ. असे बोळ उगाच पडत नाहीत. मेलबर्नमध्ये १९व्या शतकात भुयारी गटारं नव्हती, तेव्हा मैला मागच्या बोळांतूनच न्यायचे. शिकागोत सार्वजनिक बोळांची लांबी भरते सुमारे ३,००० किलोमीटर. त्यातल्या अनेक बोळांना गटारं नव्हती, पाणी तुंबायचं. तिथल्या पालिकेनं ते बंद केले नाहीत. २००६ पासून काही बोळांत पाणी जिरवणारी फरसबंदी घालायला घेतली. आम्हाला हेच महत्त्वाचं वाटतं. तक्रार बोळातल्या पाण्याची होती, म्हणून उपायही पाण्यावर झाला.

[दृश्य: चेंबरचं झाकण]
या झाकणाखाली सांडपाण्याची वाहिनी आहे. ती तुंबली की सफाईची माणसं इथूनच आत येणार. मागच्या घराला आग लागली तर पाण्याचा पाइपही इथूनच ओढावा लागेल. त्या वेळी फाटकाची किल्ली कुणाकडे असेल? नोटिशीत याबद्दल एक ओळही नाही.

[दृश्य: दिवा नसलेला खांब, रात्र]
अंधाराची तक्रार खरी आहे. लगतच्या घरांनी त्रास सोसलाय, आणि फाटक लावल्यानं चोऱ्या कमी झाल्याची उदाहरणंही आहेत. पण या खांबावर दिवाच नाही. आधी तो लावून बघायला नको का? इंग्लंडच्या २०१४च्या कायद्यात अशी वाट अडवण्याआधी लगतच्या घरांबरोबर परिसरातल्या इतरांवर काय परिणाम होईल, आणि वाट आरपार असेल तर सोयीची पर्यायी वाट आहे का, हे तपासावं लागतं. आमच्या नोटिशीत फक्त लगतची घरं आहेत.

[दृश्य: मोठ्या रस्त्याकडेनं चालणाऱ्या आजी]
फाटक बसलं तर रोजचा वळसा हा असा.

[दृश्य: सह्या होत असलेला अर्ज]
हरकत लेखीच द्यावी लागते, तीही मुदतीत. आम्ही त्यात लिहिलंय: दिवे लावा, झाडलोट नेमानं करा, गाड्या आत शिरू नयेत म्हणून तोंडाशी खुंट रोवा, आणि पायी जाणाऱ्यांची वाट मोकळी ठेवा. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकानं आपण कुठून कुठे जातो, तेही या अर्जावर सहीपुढे लिहावं.