खुर्चीत राहिलेला सायमन

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एका व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. त्याचं नाव सोमा. गोष्ट शेवटापर्यंत सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणता येणार नाही. त्यामुळे ज्यांना हा गेम कोऱ्या मनानं खेळायचा असेल, त्यांनी आत्ता रेडिओ बंद केला तरी मी मुळीच रागावणार नाही. खेळून झाल्यावर आपण भेटूच.

माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. त्यानंच माझ्या लॅपटॉपवर हा गेम टाकून दिला. म्हणाला, "मावशी, तुला भुताखेतांच्या गोष्टी आवडतात ना? मग ही खेळ. पण संपल्याशिवाय माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही." मी रात्री जेवणं, मागचं आवरणं झालं की हेडफोन लावून बसायची. आठ-दहा रात्री लागल्या. संपल्यावर मात्र आम्ही दोघं पहाटेपर्यंत बोलत बसलो, आणि ते बोलणं अजून संपलेलं नाही.

सोमा बनवला स्वीडनमधल्या, तेव्हा हेलसिंगबोर्ग शहरात असलेल्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या कंपनीनं. २०१० साली त्यांचा अम्नेशिया हा गेम आला, तेव्हापासून भयकथेच्या खेळांत त्यांचं नाव आहे. त्या अम्नेशियात काय किंवा सोमात काय, तुमच्या हाती ना बंदूक असते, ना सुरा. समोर काही आलं तर लपायचं, नाहीतर पळायचं. २२ सप्टेंबर २०१५ ला सोमा आला. त्याची सूत्रं थॉमस ग्रिप यांच्याकडे होती आणि लेखन मिकाएल हेडबर्ग यांचं.

गोष्ट सुरू होते कॅनडातल्या टोरंटोमध्ये, २०१५ सालीच. सायमन जॅरेट नावाचा तरुण. मोटार अपघातात त्याची मैत्रीण गेली, आणि त्याच्या मेंदूला अशी इजा झाली की फार दिवस हाती नाहीत. एक संशोधक त्याला म्हणतो, मी तुझ्या मेंदूचा संपूर्ण नकाशा काढून बघतो, त्यातून कदाचित उपाय सापडेल. सायमन जातो, खुर्चीत बसतो, डोक्यावर यंत्र उतरतं. डोळे मिटतो. उघडतो तेव्हा समोर अंधार, गंजलेल्या भिंती आणि कुठून तरी येणारा पाण्याचा आवाज. तो अटलांटिक महासागराच्या तळाशी आहे आणि साल आहे २१०४. वर्षभरापूर्वी धूमकेतू आदळून वरची पृथ्वी जळून गेली आहे. उरलं आहे ते पॅथॉस-दोन नावाचं समुद्रतळावरचं केंद्र, त्यातली बहुतेक सगळी माणसं मेलेली, आणि वाव नावाची एक यंत्रबुद्धी. माणसांना जगवायचं, एवढं एकच काम या वावला नेमून दिलेलं. जगणं म्हणजे काय, हे मात्र तिला कुणी नेमकं सांगितलेलं नाही. म्हणून ती प्रेतांना उठवते, माणसांच्या मनांचे जुने नकाशे यंत्रांत भरते, आणि जिवाला जाऊ देत नाही.

आता मी एका प्रसंगापाशी जरा थांबणार आहे.

सुरुवातीच्याच भागात सायमनला तिथली गाडी चालू करायची असते. त्यासाठी वीज हवी, आणि ती वीज एका बाईकडे चाललेली आहे. भिंतीला टेकून बसलेली बाई. वावनं तिला जोडलेली भलीमोठी कृत्रिम फुप्फुसं फुगताहेत, बसताहेत. ती जिवंत आहे, बोलतेही. आता फ्रिक्शनलच्या खेळांची एक खोड सांगते. इतर अनेक गेममध्ये दार उघडायला एक बटण दाबलं की झालं. इथे दाराची मूठ धरायची, माऊसचं बटण दाबून ठेवायचं आणि हात मागे ओढायचा. हात जितका हळू, तितकं दार हळू. खण, खटके, दट्ट्या, सगळं असंच. दहा दारं उघडली की हाताला ती सवय होऊन जाते. आणि मग त्याच सवयीच्या हातानं तुम्हाला त्या बाईच्या फुप्फुसाचा प्लग धरून ओढावा लागतो.

मी धरला, आणि ओढेना. म्हणजे गेममध्ये काही अडलं नव्हतं, माझा हातच पुढे सरकेना. माझ्या टेबलावर माऊसपाशी चहाचा कप होता, तो मी उगाचच बाजूला सरकवला. मग परत धरला. शेवटी ओढला, कारण त्याशिवाय गाडी हलणार नव्हती. तिला तशीच सोडून जायचं की पुरतं सोडवायचं, हे मात्र तुमच्यावर. मी निवडलं, गाडीत बसले. पडद्यावर काही आलं नाही. शाबास नाही, अरेरे नाही, गुण नाहीत, 'हे लक्षात ठेवलं जाईल' अशी पाटी नाही. गाडी सुटली आणि बोगद्यातले दिवे मागे पडत गेले.

हल्ली 'तुमच्या निर्णयानं कथा बदलते' हे गेमच्या जाहिरातीतलं हमखास वाक्य झालंय. असे खेळ मीही आवडीनं खेळले आहेत. पण त्यांत एक गोष्ट होते. निर्णय घेताना आपण हिशेब करायला लागतो. याला वाचवलं तर पुढे हा उपयोगी पडेल, हिला दुखावलं तर चांगला शेवट हातचा जाईल. सोमामध्ये तुम्ही कुणाला वाचवा, कुणाला संपवा, शेवट तसूभरही हलत नाही. भाच्याला आधी हे खटकलं होतं. "मग निवड द्यायचीच कशाला?" असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, याच्याचसाठी द्यायची. फायदा काढून घेतला, शिक्षा काढून घेतली, की त्या खोलीत फक्त तुम्ही आणि समोरचा जीव उरता. तेव्हा तुम्ही जे करता ते निव्वळ तुमचं असतं.

आणि जिथे निवड नाही, तिथेही हा गेम तुम्हाला मोकळं सोडत नाही. पुढे एका मेलेल्या माणसाकडून सांकेतिक शब्द काढून घ्यायचा असतो. त्याच्या मनाचा नकाशा शाबूत आहे, म्हणून संगणकात त्याला जागं करायचं आणि विचारायचं. तो जागा होतो, गोंधळतो, घाबरतो, संशय घेतो. घाबरला की बंद. मग भोवतालचा देखावा बदलून पुन्हा जागा करायचा. त्याच्या लेखी दर वेळी पहिलीच वेळ. कोडं म्हणून हे अगदी सोपं आहे. पण तिसऱ्या खेपेला त्याचा तो भांबावलेला आवाज हेडफोनमधून ऐकू आला, आणि आपण एका माणसाचा छळ करतोय हे मला लख्ख कळलं. छळत होते कारण मला पुढे जायचं होतं.

या सगळ्यात सायमनच्या सोबतीला आहे कॅथरीन. तीही एका शास्त्रज्ञ बाईच्या मनाची प्रत, हातात मावेल अशा अवजारात बसलेली. तिचा एकच ध्यास आहे. आर्क नावाच्या पेटीत माणसांच्या मनांच्या प्रती आहेत, आत त्यांच्यासाठी एक आख्खं सूर्यप्रकाशाचं जग आहे. ती पेटी अवकाशात सोडायची. ती आहे समुद्राच्या सर्वांत खोल भागात, आणि तिथला दाब सायमनचं शरीर सोसणार नाही. हो, त्याच्या शरीराविषयी सांगायचं राहिलं. तोवर त्याला कळून चुकलेलं असतं की तोही २०१५ सालच्या त्या नकाशाची प्रतच आहे, कुणा दुसऱ्याच्या प्रेतात बसवलेली. म्हणून खोल पाण्याचा जाड पोशाख घातलेलं वेगळं शरीर तयार करायचं आणि त्यात शिरायचं.

आपल्याला हे ऐकून परकायाप्रवेश आठवणारच. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केला, आणि त्यांचं स्वतःचं शरीर शिष्य गुहेत राखत बसले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. तिच्यात आत्मा एकच असतो. इथून निघाला, तिथे पोचला. मागे राहतो तो रिकामा देह. सायमनही तेच गृहीत धरतो, आणि खेळणारेही. तो खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, नव्या शरीरात उघडतो. जमलं! आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज येतो. त्याचाच आवाज. कॅथरीन, काहीच झालं नाही, असं विचारणारा.

मी मान वळवून पाहिलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. गुहेतल्या देहानं डोळे उघडून "मी गेलोच नाही" म्हणावं, तसं. कॅथरीन त्या जुन्या सायमनला झोपवते. आणि मग निवड तुमच्यावर सोपवली जाते. याची बॅटरी उतरवून याला झोपेतच संपवायचं, की तसाच ठेवून जायचं? ठेवलात तर हा जागा होईल, मेलेल्या केंद्रात, एकटा.

मी संपवलं. फार विचार केला नाही, मला ती दयाच वाटली. भाच्याला सांगितलं तर तो उडालाच. "मावशी, तू त्याला मारलंस? अगं, त्याला विचारलं तरी होतंस का?" मी म्हटलं, "तो उठून करणार काय होता रे तिथे?" तो म्हणाला, "ते त्यानं ठरवायचं होतं. तो सायमनच होता. पाच मिनिटांपूर्वी तूच होतीस ती." या शेवटच्या वाक्यावर मी गप्प झाले. खरंच, पाच मिनिटांपूर्वी त्याच हातांनी मी दारं उघडत होते.

पुढे सारा भेटते. सलाइनच्या आधारानं बिछान्यात पडून असलेली, या साऱ्यांत खरीखुरी उरलेली एकच माणूस. ती स्वतःच म्हणते, मला जाऊ दे, आणि जाईपर्यंत इथे थांब. इथे विचारलं गेलंय, संमती आहे. म्हणून हे सोपं व्हायला हवं होतं. नाही झालं. मी थांबले, तिचं बोलणं संपेपर्यंत. आम्ही दोघांनीही तेच केलं होतं, एवढ्या एका ठिकाणी आमचं एकमत.

मग शेवट. आर्क प्रक्षेपकात चढवलेली, सायमन पुन्हा खुर्चीत, उलटी मोजणी चालू. प्रती भरल्या जातात, आर्क सुटते, आणि सायमन तिथेच आहे. तो ओरडतो, फसवलंस म्हणतो. कॅथरीन चिडून सांगते की हे असंच होतं, नेहमीच असं होतं. भांडता भांडता तिचं अवजार जळतं आणि समुद्रतळाशी अंधारात तो एकटा उरतो. गेम बनवणाऱ्यांची नावं पडद्यावरून सरकून गेल्यावर दुसरा सायमन उन्हात, झाडांमध्ये डोळे उघडतो. कॅथरीन त्याला भेटते. पेटी जळलेल्या पृथ्वीपासून दूर जात राहते.

यातली कथनाची करामत मला दुसऱ्या दिवशी भांडी लावताना उमगली. आधीच्या वेळी प्रत झाली तेव्हा कॅमेरा नव्या सायमनबरोबर गेला. म्हणून मला वाटलं, आपण 'गेलो'. या वेळी तो मागे राहिलेल्यापाशी थांबला, म्हणून मला वाटलं, आपण 'हरलो'. घडलं दोन्ही वेळा तंतोतंत तेच. फरक फक्त मला कुणाच्या डोळ्यांनी बघू दिलं याचा. हे दुसऱ्या कुठल्या माध्यमात इतकं अंगाशी आलं नसतं, कारण तिथे 'मी' म्हणणारं पात्र वेगळं असतं. इथे चालणारे, वाकणारे, ओढणारे हात माझे होते.

राक्षसांविषयी मी बोललेच नाही, नाही का? आहेत, अंधारात दबा धरून असतात. पण माझ्या मते या गेममधला तो सर्वांत कच्चा भाग. २०१७ च्या डिसेंबरात कंपनीनं असा एक पर्याय दिला की ते असतात, पण तुम्हाला मारत नाहीत. केवळ घाबरून तुम्ही आजवर लांब राहिला असाल, तर खुशाल तो पर्याय घ्या.

गेल्या महिन्यात मी सोमा पुन्हा खेळले. त्या खुर्चीपाशी आले. कॅथरीन घाई करत होती. मी बॅटरीला हात लावला नाही. झोपलेल्या सायमनसमोर जरा वेळ उभी राहिले आणि दार ओढून घेतलं. रात्री भाच्याला फोन करून सांगितलं. पलीकडे तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मावशी, मी परवा परत खेळलो. या वेळी मी त्याला मारलं."